दारातली गुलबक्षी

९ मार्च, सोमवार

चि. भिंगरीस,

आत्याचे आशीर्वाद. उत्तराला आठवडा लावला, त्याबद्दल बोलणी खायला मी तयार आहे.

इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुर करतात, पण मी त्यांना दाद देत नाही. नर्सरीत गिऱ्हाईक बरं आहे. शेजारची शिंपीण रोज येऊन मला झाडं कशी वाढवायची ते शिकवते आणि जाताना एखादी फांदी फुकटात मोडून नेते.

तुझं पत्र वाचून आधी हसूच आलं. इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, की गुलाबांचे लाड पुरे, चार चिवट झाडं लाव. तू नाक मुरडायचीस. आता तूच विचारतेस, 'पाणी घालायला कोणी विसरलं तरी मरणार नाहीत अशी झाडं सांग. छाटणी नको, फवारणी नको, पण वर्षभर अंगणात काहीतरी फुललेलं असू दे.' म्हटलं, चला, देव पावला. तर ऐक.

कुंपणाला जास्वंद. साधी, लाल, एकेरी पाकळ्यांची. ती भरगच्च फुलांची रंगीत जात नखरेल असते, तिच्या नादी लागू नकोस. जास्वंदीच्या पुढे कोरांटी. काटे आहेत, पण थंडीत बाकीचं अंगण गप्प बसतं तेव्हा हीच फुलते. नळापाशी कर्दळ. तिथे पाणी सांडतंच, तेवढं तिला पुरतं. कण्हेर मुद्दाम वगळली. तिच्याइतकं काटक झाड नाही, पण ती विषारी, आणि तुझी लेक तुझ्यासारखीच, दिसेल ते तोंडात घालून बघणारी.

मधल्या वाफ्यात लिलीचे कांदे. बोटभर खोल पुरायचे आणि विसरून जायचं. उन्हाळ्यात पानं वाळली की जावईबापू मेली समजून उपटायला जातील. त्यांना आत्ताच सांगून ठेव, वर वाळलं म्हणजे खाली मेलं असं नाही.

इथपर्यंत मी गेल्या सोमवारीच लिहिलं होतं. मग तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीपाशी आले आणि पेन खाली ठेवलं. 'आणि आत्या, चारच्या सुमाराला उमलणारं एखादं झाड सांग. पोरगी शाळेतून येते तेव्हा दारात काहीतरी जागं असावं.'

अगं, पोरगी शाळेतून येते तेव्हा दारात तू असतेस ना?

मी म्हातारी झाले आहे, खुळी नाही. नवं वर्ष लागल्यापासून तू फोन घेत नाहीस, घसा बसलाय म्हणून कळवतेस. जावईबापूंना विचारलं तर 'तपासण्या चालू आहेत' एवढं म्हणाले आणि घाईघाईने तिकडच्या हवेवर बोलायला लागले. पाणी घालायला विसरणारं 'कोणी' म्हणजे कोण, ते त्या ओळीवरून मला कळलं. आठवडाभर मी कुंड्या भरत होते आणि रडत होते. शिंपिणीला सांगितलं, खताची धूळ गेली डोळ्यांत. तिने पहिल्यांदाच काही शिकवलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर गुलबक्षी. हिचा गड्डा जमिनीत राहतो, वरचं सगळं जळून गेलं तरी पुन्हा फुटतो. फुलं उतरत्या उन्हात उमलतात. फक्त पोरीला सांग, तिचं काळं बी तोंडात घालायचं नाही.

पण हे तुला ठाऊक आहे. वहिनी गेली आणि मी तुला माझ्याकडे आणलं, तेव्हा मी पायरीशी गुलबक्षीच लावली होती. नर्सरी सहाला बंद व्हायची. तोवर तू दप्तर मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहायचीस. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, 'मी येईपर्यंत ही तुला सोबत करेल.' बरेच दिवस गेले. मग एकदा जेवताना, ताटात बघत म्हणालीस, 'आत्या, ती फुलते गं रोज. पण ती काही विचारत नाही.'

दुसऱ्या दिवसापासून मी नर्सरी साडेतीनला बंद करू लागले.

तेव्हा गड्डे घेऊन मी गुरुवारच्या गाडीने येते आहे. 'कशाला दगदग' वगैरे लिहू नकोस, तुझं उत्तर निघायच्या आत मी पोचलेली असेन. नर्सरीची किल्ली शिंपिणीला देते. ती निम्मी झाडं पाणी घालून घालून मारेल. मारू दे. परतीचं तिकीट मी काढलेलं नाही.

सोबत एक गुलाबही आणते. तुझ्या अटींत तो बसत नाही. त्याला रोज बघावं लागतं, त्याला कीड लागते, तो रुसतो. तुझ्या खाटेजवळच्या खिडकीखाली लावू. कुठे छाटायचं ते तू आतून सांग, कात्री मी चालवीन, आणि आपण पूर्वीसारख्या भांडू. डॉक्टर काय म्हणाले ते तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. मला मात्र फार भीती वाटते आहे. ती लपवून तुझ्यासमोर हसत बसणं मला जमणार नाही. दोघी मिळून घाबरू.

पोरीला एवढंच सांग, की आत्याआजी येते आहे आणि ती भारी चौकस आहे. डबा संपवला का, बाई काय म्हणाल्या, कोणाशी कट्टी झाली, सगळं विचारते. रोज विचारते.

शाळा सुटायच्या आत दारात असणारी,
तुझी आत्या