हाताने मोजलेला आकडा

चेन्नई,
१ ऑक्टोबर २००७

चि. सौ. विद्युलतास,
अनेक आशीर्वाद. तू, तन्मयराव आणि छोटी रेवा खुशाल असाल. गणपती नीट पार पडले असतील.

फोनवर तू तब्येतीचं विचारलंस तेव्हा मी पित्त म्हणालो. पित्त नाही. पोटात पाणी झालंय, आईला झालं होतं तसंच. डॉक्टरीणबाईंनी सिरोसिस सांगितला. गोळ्या चालू आहेत, पण गेलेलं यकृत परत येत नाही आणि बदलून घेणं नुंगंबाक्कमच्या माझ्यासारख्या लॅबवाल्याला झेपणारं नाही.

हेपटायटिस बी माझ्या रक्तात आहे हे आई गेली त्या वर्षीच मला कळलं होतं. पुढे बाई म्हणाल्या, यकृताचा तुकडा काढून तपासू. मी घाबरलो. वीस वर्षं लोकांना सुया टोचतोय, आणि स्वतःची वेळ आली तर ही तऱ्हा! रक्तावरूनच अंदाज घेऊ म्हटलं. एएसटी नावाचं एन्झाइम वाढलं आणि प्लेटलेट घटल्या की यकृत कडक होत चाललंय असं धरतात. दोन्हींचं गणित मांडून एक आकडा काढतात. बाई राजी झाल्या. रक्त मात्र मीच तपासायचो, आमच्याच लॅबमध्ये.

मशीनने प्लेटलेट कमी दाखवल्या. कधीकधी नळीत त्यांच्या गुठळ्या होतात, मग मशीन चुकतं आणि आम्ही काचपट्टीवर हाताने मोजतो. मी हाताने मोजलं आणि आकडा वाढवून लिहिला. दर सहा महिन्यांनी तेच. गणित छान यायचं, बाई पुढची तारीख द्यायच्या. हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं. यंदा मला ताप आला म्हणून आमच्या सेतुमाधवने माझं रक्त तपासलं. तो तंजावरकडचा मराठी, कामाला चोख. काचपट्टी पाहून म्हणाला, "उमाकांतराव, गुठळ्या कंई नाहींत. खरेंच कमी आहेत."

इथवर लिहून पत्र तीन दिवस तसंच ठेवलं होतं. सांगायचंय ते हे नाहीच.

लग्नाआधी तू शालू घ्यायला इथे आलीस. टी. नगरातली दुकानं पालथी घालून दमलीस, तेव्हा हिमोग्लोबिन बघतो म्हणून मी तुझं रक्त घेतलं. आईकडून हेपटायटिस आपल्या दोघांनाही आला असणार असा मला संशय होता. तुझंही पॉझिटिव्ह निघालं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. लग्न मोडेल या भीतीने मी तो कागद फाडला आणि हिमोग्लोबिन छान आहे म्हणून सांगितलं.

याहून वाईट पुढेच आहे. रेवा झाली त्या दुपारी तू दवाखान्यातून फोन केलास. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पहिल्या बारा तासांत तिला तुझ्याकडून होणारी लागण टाळणारी इंजेक्शनं मिळाली असती, बहुतेक तिला काही झालंच नसतं. मी पेढे मागितले. विद्यु, मला त्या क्षणी सगळं आठवत होतं.

आता तिघंही याच आठवड्यात तपासून घ्या. कुणा ओळखीच्या लॅबवाल्याकडे जाऊ नका. हे पत्र तन्मयरावांना दाखव. तुला काहीच ठाऊक नव्हतं, सगळं मी लपवलं, हे त्यांनी माझ्या अक्षरात वाचावं.

रेवाचा रिपोर्ट मला कळवू नकोस. चांगला आला तर मला हायसं वाटेल, आणि तेवढाही हक्क मी ठेवलेला नाही.

तुझा भाऊ होता तो,
उमाकांत