केरळच्या गाडीतली आखणी

कोची
६ मे २०२४

चि. धनेश यास,
अ. उ. आ.

पत्र बघून तोंड वाकडं करू नकोस. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला तापतोस आणि चौथ्याला फोन आपटतोस. म्हणून तू कॉलेज अर्ध्यात सोडलंस त्याच दिवशी मी ठरवलं, तुझ्याशी महत्त्वाचं काही बोलायचं तर ते कागदावर. पाकीट चिकटवेपर्यंत माणूस थोडा तरी निवतो.

काम असं आहे. ह्यांची इथली नोकरी पक्की झाली, घरही मिळालं. वर्षभर जोह्याला आईबाबांकडे ठेवलेल्या पूजा आणि सखाला आता इकडे आणायचंय. शाळा तीन जूनला उघडते. ह्यांना रजा नाही, आणि गणपतीच्या कामाच्या दिवसांत बाबा कारखाना सोडून येणार नाहीत. उरलास तू. पनवेलहून केरळची गाडी, जवळजवळ चोवीस तास, पूजा नऊ वर्षांची आणि सखा पाच.

खरं सांगते, तुझं नाव लिहायला मी दोन दिवस घेतले. मुलांची काळजी नाही, तुझी आहे. गेल्या वर्षी रोह्याच्या शटलमध्ये, कासू स्टेशनवर, तू एका माणसाची कॉलर धरलीस. पोटुशी बाई उभी आणि हा बाप्या सीटवर पाय पसरून बसलेला, म्हणून धरलीस, हे मला माहीत आहे. पण त्याच डब्यात रोह्याचे कमळाकर काका बसले होते. चौतीस वर्षं टी.सी.ची नोकरी केलेला माणूस तो, माणसं गाडीतच ओळखतो. आणि नेमकी त्यांचीच मुलगी तुला आवडावी!

म्हणून अट ऐक. मुलांना नीट आणलंस, वाटेत कुणावर हात उगारला नाहीस, तर ऋतुजासाठी काकांकडे शब्द मी टाकीन. तिची मोठी बहीण माझी वर्गमैत्रीण, माझा शब्द ते ऐकून तरी घेतील. पण हात नुसता उगारलास तरी माझं पत्र जाणार नाही. मारणं तर लांबच.

आईला सांग, मुलांबरोबर सुकट देऊ नकोस म्हणून. डबाभर लोकांना वास.

रागावलास तरी चालेल, पण आधी उत्तर लिही आणि मग रागाव.

तुझी,
दर्शनाताई


जोहे, ता. पेण
१३ मे २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा फाडणार होतो, दुसऱ्यांदा ऋतुजाचं नाव होतं म्हणून ठेवलं, तिसऱ्यांदा वाचल्यावर तिकीट काढलं. सत्तावीस मेचं.

त्या कासूच्या माणसाचं मला अजून वाईट वाटत नाय, खोटं कशाला लिहू. पण काका त्या दिवसापासून मला बघितलं की चष्मा पुसतात आणि दुसरीकडे बघतात, त्याचं वाटतं. ऋतुजा म्हणते की बाबांना तुझा राग नाय, भीती हाय. तो तुझ्यासाठी भांडला तर तुला आवडेल, तुझ्याशी भांडला तर काय, असं ते तिला विचारतात म्हणे. मी तिच्याशी कशाला भांडीन गो? ती समोर आली की मला पुढचा शब्द सुचत नाय.

आता तुझ्या पोरांची बातमी. मी कारखान्यात मूर्ती सुकवायच्या चार फळ्या घेतल्या आणि त्यांचा डबा केला. खाली एक बर्थ, मधे एक, वर एक. रोज संध्याकाळी अर्धा तास सराव चालतो. मधला बर्थ दिवसा उघडायचा नाय, कारण खालच्याला मान वाकवून बसावं लागतं. केळ्याची साल खिडकीतून नाय, पिशवीत. दुसऱ्याच्या डब्याकडे बघत राहायचं नाय. सीटला लाथा नाय, आणि दारात कुणी उभं राहायचं नाय. सखा टी.सी. होतो आणि बाबांकडून रोज तिकीट मागतो. बाबा शाडूचा गोळा मळता मळता कोपराने खिसा दाखवतात.

पण ताई, मी काय शिकवणार? वर्षभर बाबांच्या हाताखाली राहून ती आधीच तयार झाल्येत. बाबा डोळे काढायला बारीक ब्रश हातात घेतात तेव्हा जवळचा माणूस आखणी एवढाच शब्द बोलतो, आणि आपण सगळे जिथल्या तिथे थांबतो, तुला आठवतच असेल. मळणारा मळायचा थांबतो, पाणी भरणारा बादली टेकवत नाय, कारण फळी हलली की डोळा गेला. आता तो शब्द बहुतेक वेळा पूजाच बोलते. आणि सखा, जो जेवताना दहा वेळा उठतो, तो एका पायावर असला तर एका पायावरच राहतो. बाबा म्हणतात, पोरगी माझ्याहून कडक हाय.

सुकट आईने आधीच बांधलीय. मी ती पेणमध्येच कुणाला तरी देऊन टाकतो.

तुझी अट मान्य. माझ्यावर भरवसा नसला तर नसू दे, माया तेवढी कमी करू नकोस.

तुझा,
धनेश


कोची
२९ मे २०२४

चि. धनेश यास,
अ. उ. आ.

काल स्टेशनवर तुम्हा तिघांना बघितलं आणि पोरांना कवटाळण्यात तुझ्याशी नीट बोलायचंच राहिलं. तूही जेवून लगेच संध्याकाळच्या गाडीला निघालास. कारखान्यात काम पडलंय म्हणालास. मी समजले, रोह्याची ओढ.

मला तुला सांगायचंय की मला किती अभिमान वाटतोय. तुमच्यासमोरच्या बर्थवरच्या त्या आजी, डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या, त्यांच्या मुलीने प्लॅटफॉर्मवर मला गाठलं. अर्धं हिंदी, अर्धं मल्याळी. पंधरा वर्षं या गाडीने ये-जा करते, पण अशी मुलं बघितली नाहीत, असं म्हणाली. सखाने आजीला विचारून खिडकी घेतली आणि मडगाव आल्यावर न सांगता परत दिली म्हणे. पूजाने आपल्याच नाही, शेजारच्यांच्याही साली पिशवीत गोळा केल्या. झोपलेल्या आजीच्या बर्थवर कुणी बॅग टेकवायला गेला, तर सखाने त्याला बजावलं की आजी अजून सुकल्या नाहीत, हात लावू नका. मी हसून हसून रडले. माझा मुलगा माणसालाही ओली मूर्ती समजतो!

आणि तुझ्याविरुद्ध पूजाची तक्रार. रोहा येताना तू स्वतः दारात लटकलास, तुझाच नियम मोडलास, आणि पूजाने शर्ट धरून तुला आत ओढलं. ऋतुजा प्लॅटफॉर्मवर उभी होती का रे? पूजाला फक्त पिवळी ओढणी दिसली.

बाकी प्रवास शांत झाला ना, असं मी पूजाला विचारलं, तर ती म्हणाली, हो, मामा बसला. मला हे उत्तर समजलं नाही, पण शांत म्हणजे शांत. मी शब्दाची पक्की आहे. कमळाकर काकांना आजच सकाळी पत्र टाकलं. दोन लहान मुलं घेऊन चोवीस तास प्रवास केला आणि माझ्या भावाचा आवाजसुद्धा चढला नाही, असं ठासून लिहिलंय.

आता काकांकडून काय येतं ते बघू. तोवर रोह्याच्या फेऱ्या जरा कमी कर, आणि माझ्यावरचा जीव होता तसाच ठेव.

तुझी,
दर्शनाताई


जोहे, ता. पेण
८ जून २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

ताई, तुझं पत्र चार तारखेला मिळालं आणि माझ्या पायाखालची जमीन हलली. तू माझ्याबद्दल खोटं लिहिलंस. तुला माहीत नव्हतं, मला होतं. स्टेशनवर तू इतकी आनंदात होतीस की माझं तोंड उघडलं नाय. मी पळालो, हे खरं.

रत्नागिरी गेल्यावरची गोष्ट. संध्याकाळचे पाच-सहा वाजले असतील. आमच्याच सीटच्या टोकाला एक चाळिशीचा माणूस, मोबाइलवर मोठ्या आवाजात व्हिडिओ लावून, आजींच्या बर्थला पाय टेकून पाय हलवत होता. सगळा बर्थ हलत होता. आजींची मुलगी त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालायला बसली होती. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा कपाळावर. मी त्याला एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा भाऊ म्हणून सांगितलं. तो म्हणाला की गाडी तुझ्या बापाची हाय का. मग मला काय झालं ते तुला माहीत हाय. एका हातात त्याची कॉलर होती, दुसरा हात वर होता.

आणि वरच्या बर्थवरून पूजा बोलली. ओरडली नाय गो, कारखान्यात बोलते तेवढ्याच आवाजात, आखणी.

माझा हात तिथंच थांबला. मी थांबवला असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी थांबवला नाय, तो थांबला. वीस वर्षं तो शब्द ऐकून हात थांबलाय, त्याला दुसरं काय माहीतच नाय. सखाच्या तोंडात पुरी होती, ती तशीच अर्धी बाहेर राहिली. डब्यात कुणाला काय झालं कळलं नाय, पण दोन पोरं पुतळ्यासारखी बसलेली आणि मी हात वर करून उभा, हे बघून सगळेच गप्प झाले. त्या माणसाचे पायसुद्धा थांबले. नुसता त्याचा व्हिडिओ चालू होता. मग त्यालाच लाज वाटली असेल, त्याने तो बंद केला. तेवढ्यात आजींच्या मुलीने थेंब घातले. दोन्ही डोळ्यांत, बरोब्बर.

पूजाने वरून मान हलवली, काम झालं म्हणून. तेव्हा मी कॉलर सोडली आणि बसलो. त्या माणसाने मडगावला केळी घेतली आणि दोन पोरांपुढे केली. पूजाने आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवल्यावर घेतली, आणि साल त्याच्याही हातातून मागून घेतली.

तर ताई, हात उगारला होता. पूजाचा मला इतका अभिमान वाटतो की पेण स्टेशनात तिच्या नावाची पाटी लावावी, पण माझा स्वतःचा काय वाटायचा?

तुझं पत्र काकांकडे पोचलं असणार, म्हणून काल रोह्याला गेलो. दाराशी ऋतुजाच आली. माझं तोंड बघून ती बाजूला झाली. काकांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ताईला माहीत नव्हतं, तिने खरं समजून लिहिलं, दोष माझा, असं सांगितलं. आतून ऋतुजा ऐकत होती, मला पडद्याखाली तिचे पाय दिसत होते. काकांनी चष्मा पुसला. मग चहा दिला, आणि निडी स्टेशनला थांबणारी शटल चार दहाला हाय, पेणला उतरा, एवढंच सांगितलं. मी चार दहाची पकडली.

आता तुला जे करायचं ते कर. ऋतुजाला सोडणार नाय, ते माझ्या हातात नाय. पण तुझा शब्द खोटा पाडून ती मिळाली असती, तर रोज तिच्यासमोर जेवताना घास उतरला नसता.

रागावलीस तर लांबलचक पत्र लिहून रागाव. मधेच सोडू नकोस.

तुझा,
धनेश


रोहे
१४ जून २०२४

चि. सौ. दर्शना हिस,
अ. आ. वि. वि.

तुझे २९ मेचे पत्र मिळाले. वाचून मी नकार लिहावयास घेतला होता, हे प्रथम सांगतो. मी चौतीस वर्षे डबे तपासले. स्लीपरच्या डब्यात दोन लहान मुले घेऊन चोवीस तास बसलेला आणि आवाज न चढवलेला पुरुष मी पाहिलेला नाही. तेव्हा बहीणभाऊ मिळून मला बनवीत आहेत, अशी माझी समजूत झाली. अर्धे पत्र लिहून टेबलावर ठेवले होते, तोच धनेश दारात आला.

त्याने जे सांगितले ते तुलाही कळविले असेलच. माझ्या नोकरीत हजारो माणसांनी मला आपली बाजू सांगितली. तिकीट हरवले, पाकीट मारले, आई आजारी आहे. स्वतःविरुद्ध तक्रार घेऊन कुणी आला नव्हता. मला काय बोलावे ते सुचले नाही, म्हणून शटलची वेळ सांगितली. ऋतुजा आत एकच कप वीस मिनिटे धूत होती. तो गेल्यावर तिने मला विचारले की नकाराचे पत्र टाकायचे का फाडायचे. मी तिच्याच हाती दिले. तिने काय केले ते विचारले नाही, पण टेबल रिकामे आहे.

लग्नाची गोष्ट आज नको. तापट आहे तो आहेच. कॉलेजची राहिलेली वर्षे त्याने मुक्त विद्यापीठातून पुरी करावीत, हे माझे म्हणणे तू त्याला कळव. तुझ्या मुलीस माझा आशीर्वाद सांग. असे टी.सी. रेल्वेला मिळत नाहीत.

आता एक काम. आमच्या मोठीची तीन मुले गणपतीला रोह्याला येतील. परत त्यांना नागपूरला पोचवायचे आहे. तिघेही असे आहेत की एक जण साखळी ओढतो, दुसरा हसतो आणि तिसरा नाव भलत्याचेच सांगतो. त्यांना घेऊन धनेशने जावे, अशी माझी इच्छा आहे. तिकिटे मी काढली आहेत. तीन मुलांची, एक धनेशचे, आणि एक माझे. मी त्याच डब्यात वरच्या बर्थवर तोंडावर चादर ओढून पडणार आहे. हे त्याला सांगू नये.

तुम्हा सर्वांवर आमच्या घराचा लोभ आहे, तो आता जरा वाढेल असे वाटते.

तुझा,
कमळाकर काका