सोमवारची चिमणी

११ मार्च, मंगळवार
स्मॉल कॉजेस कोर्टात पहिली तारीख. वकील केला नाही. मालाडच्या पत्र्याच्या गाळ्यापासून इथवर स्वतःच्या तोंडाच्या जोरावर आलो, आता दुसऱ्याचं तोंड भाड्याने कशाला? दावा सरळ. परबबाईंच्या बोरिवलीच्या खानावळीत धुराची चिमणी बसवली, शेवटचा हप्ता आला नाही. बाई म्हणतात, चिमणी धूर ओढत नाही, तो वरच्या मजल्यावर जातो. सोसायटी खानावळ बंद करायला निघालीय.
त्यांनाही वकील नाही. कापडी पिशवी, दोरीचा चष्मा. म्हटलं, सोपं आहे.

२० मार्च, गुरुवार
वाट लागली. पण काय झकास लावली बाईंनी!
मी ठणकावून सांगितलं, चिमणी स्वतः चालवून बघितली, धुराची रेघ नाही. बाई उलटतपासाला उठल्या. आवाज असा, की अजून भात वाढू का विचारतायत.
"शेठ, चाचणी कुठल्या वारी केलीत?"
"सोमवारी."
"सोमवारी माझ्याकडे काय शिजतं?"
"डाळ, भात, अळूचं फतफतं." जेवलोय ना तिथे!
"आणि मासळी?"
"सोमवारी कोण खातं, बाई?"
"मग तळणच नाय, तर धूर खंयसून येतलो?"
मागच्या बाकांवर हशा. मीही हसलो, काय करणार! जजमॅडम म्हणाल्या, तळणाच्या दिवशी दोघं मिळून बघा, मग या.
काम चालू असताना माझी माणसं तिथेच फुकट जेवली. ते काढतील म्हणून उत्तर घोकून गेलो होतो. काढलंच नाही. बाहेर विचारलं.
"आमच्याकडे राबणाऱ्याचं जेवण कोर्टात काढू? काय बोलताय शेठ!"
घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दावा त्यांच्यावर केलायस ना रे? की त्यांच्या बाजूने?"

२ एप्रिल, बुधवार
सकाळी बाईंचा फोन. "उपाशी येवा. सुरमय हाडलंय."
खानावळीतच बसून लिहितोय. दोन्ही तवे तापतायत. हप्त्याचं पाकीट काउंटरवर, वर मिठाची बरणी. चिमणीसाठी आणलेली मोठी मोटर खाली टेम्पोत, बाईंना अजून बोललो नाही. वरच्या काकू जिन्यात उभ्या, नाकाला पदर आत्तापासूनच.
तुकडी पडली. चर्रर्र.
"शेठ, लिवन झाला? दाबा बटण."
उठतो.