ॲट दिस पॉइंट इन टाइम

४ मार्च
‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ कापलं, ‘बिकॉज’ ठेवलं. ‘इन द इव्हेंट दॅट’चं नुसतं ‘इफ’. पंपाचं माहितीपत्रक निम्म्यावर आलं, अर्थ तसूभर हलला नाही. कॉलेजची पायरी न चढता हे इंग्रजी कमावलंय मी. साहेब म्हणाले, "तुमची कात्री म्हणजे कात्री." आहेच.
घरी बाबा तसेच. अर्धांगाचा झटका आल्यापासून एक शब्द नाही. समजतं मात्र सगळं. डोळे सांगतात.

७ मार्च
वाचेचे उपचार करणाऱ्या बाई आल्या. म्हणाल्या, "यांच्या तोंडी सारखं काय असायचं? ठरलेली वाक्यं सांगा. कधीकधी तेवढीच शाबूत राहतात."
आई हसली — किती दिवसांनी. "कचेरीतलं इंग्रजी. हेडक्लार्क होते ना! चहा मागायचा तर ‘ॲट दिस पॉइंट इन टाइम’. आणि हा लगेच, ‘बाबा, आता म्हणा की!’"
खरंय. या एका वाक्यावरून आमची रोज जुंपायची. "पाच शब्दांचं काम एक शब्द करतो," मी. "मसुद्याला भारदस्तपणा लागतो, दीडशहाण्या," ते.

८ मार्च
उलटा धंदा. जन्मभर जे कापलं, ते आठवून आठवून बाईंना म्हणून दाखवलं. एकही विसरलो नव्हतो.

११ मार्च
बाई संथ, ठेक्यात म्हणाल्या, "ॲट दिस पॉइंट इन—"
"टाइम."
बाबा! आवाज घोगरा, पण त्यांचाच. आईने पदर तोंडाला लावला. ज्याला मी आजवर भुसा म्हणत आलो, त्याच भुशात बर्फाच्या लादीसारखा तो आवाज टिकून राहिला होता.
बाई जाताना म्हणाल्या, "हुरळून जाऊ नका. ही घोकंपट्टी आहे, जीभ आपोआप म्हणते. स्वतः निवडून एक शब्द बोलले, तर वाचा परत येतेय समजा. नाहीतर इथवरच."

१५ मार्च
कामात ‘फॉर द पर्पज ऑफ’ आडवं आलं. पेन्सिल टेकवली आणि थांबलो. आधी हळूच मोठ्याने वाचलं. केवढं ऐसपैस! मग कापलंच — माहितीपत्रक ते माहितीपत्रक. पण आज पहिल्यांदा मनात नमस्कार करून कापलं.

१९ मार्च
टाइम. रोज टाइम. पुढे काही नाही. आई विचारायची थांबली.

२३ मार्च
संध्याकाळी चहा घेऊन गेलो. कप हातातच ठेवून म्हटलं, "ॲट दिस पॉइंट इन—"
‘टाइम’ आलं नाही. तेही गेलं?
त्यांनी डावा हात उचलला. हवेत आडवी रेघ ओढली — मी कागदावर मारतो तश्शी.
"आता," म्हणाले.