बुजवलेली भोकं

३ फेब्रुवारी
दरबाराचं दालन संपलं एकदाचं! किल्ल्यातली सगळ्यात मोठी खोली. आता ती गाण्या-नाटकांना द्यायची. भिंतींत वरपर्यंत भोकं होती, कबुतरांची वसाहत. एकूण एक चुन्यानं बुजवली. किल्ला समितीच्या अध्यक्षांनी हात फिरवून पाहिला — "वा! अगदी हॉटेल!" किल्ल्याला यापेक्षा मोठी शिवी नसेल. पण मी खूश. गिलावा माझा आहे.

४ फेब्रुवारी
उद्घाटनाला आमची ताई गाणार. माइक नको म्हणते. "राजाच्या वेळी होता का?" राजाच्या वेळी संडासाला दारही नव्हतं, म्हटलं.
हसलो खरं. पण उद्घाटनानंतर लगेच तिच्या घशाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, आवाज राहील, पण हाच राहील असं नाही. तिला एकदा पोटभर गायचंय. मला भीती वाटते. लिहून टाकलं.

९ फेब्रुवारी
तालीम. ताईनं सूर लावला — आणि तो तिच्या पायाशीच पडला! शेवटच्या रांगेत मला नुसते ओठ हलताना दिसले.
"मागच्या वर्षी इथं शिंकले तरी घुमलं होतं. तू काय केलंस रे?"
"मी? फक्त गिलावा!"
अध्यक्ष म्हणाले, पडदे लावू. म्हणजे उरलासुरला आवाजही गिळतील. धन्य!

१० फेब्रुवारी
सकाळीच शिडी लावून एक भोक उकरलं. तोंडाशी माझा चुना, आत मडकं. बुजवताना मी आत डोकावलोच नव्हतो. रिकामं, भिंतीत आडवं बसवलेलं. दुसऱ्यातही तेच. सगळीकडे तेच! आवाज घुमावा म्हणून बांधणाऱ्यांनी मुद्दाम मडकी बसवली, आणि मी शहाण्यानं त्यांच्या तोंडात बोळे कोंबले.
अध्यक्ष ओरडले, "तयार भिंत फोडणार? डोकं ठिकाणावर आहे का?"
नाही, म्हटलं, आणि छिन्नी उचलली.

१५ फेब्रुवारी
भोकं मोकळी. भिंत देवी येऊन गेल्यासारखी. हात सुजलेत. कबुतरं परत चौकशीला येऊन गेली.

१६ फेब्रुवारी
उद्घाटन. ताई गायली. काय गायली! शेवटच्या रांगेत तिचा श्वास ऐकू येत होता. तिनं तोंड मिटलं तरी सूर वर कमानीत होताच. अध्यक्ष रडले. मीही. मी धुळीवर ढकललं.

१८ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. बोलायला बंदी. ताई गप्प — आमच्या घरात हे प्रथमच.

६ मार्च
आज ताई बोलली. जाड, घोगरा, कुणा परक्याचाच आवाज. गाणं गेलं, तिलाही कळलं. मग म्हणाली, "भोकं परत बुजवली नाहीस ना?"