डावीकडून उजवीकडे वसंत

आत्या,

तुझं वसंताचं चित्र संस्थेच्या दालनात लागणार की गोदामात जाणार, हे आज ठरलं. संचालक कालच कुरकुरत होते, "बाई वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि चित्रात जर्दाळू नि सफरचंद एकाच वेळी फुललेत? लोक हसतील."

म्हणून आज मी माझी जुनी वही नेली. आठव्या वर्षी पाय मोडून मी तुझ्या घरी सहा आठवडे पडून होते, तेव्हाची. तू खिडकीशी चित्र काढत बसायचीस आणि मला दटावायचीस, "रडायचं तर खुशाल रड, पण तारीख घालून. आणि बाहेर काय फुललं तेही लिही." मला वाटायचं, हिला माझ्यापेक्षा झाडांची काळजी जास्त.

वहीतल्या तारखा मी चित्राखाली ओळीने लावल्या. डाव्या कडेला उघड्या फांद्या, म्हणजे प्लास्टर घातलं तो दिवस. पुढे जर्दाळू, मग नासपती, शेवटी सफरचंद. रोज बोटभर चित्र पुढे सरकलेलं, आणि त्याची मोजपट्टी मी. सफरचंदाखाली पिवळ्या झग्यातली मुलगी आहे, दोन्ही पायांवर उभी. ती मी आहे, हे मला आजवर कळलं नव्हतं.

संचालकांनी चष्मा पुसला. "दारासमोरच लावू," म्हणाले.

हे पत्र मी टाकणार नाही. तू ते साऱ्या गल्लीला वाचून दाखवशील. रविवारी तुला दालनात घेऊन जाईन. तिथे मी रडले, तर खुशाल तारीख घालून लिही.

तुझी,
मोजपट्टी