उठवण्याआधी

प्रिय लोरेन,

स्वयंपाकघरातली कपाटं, मागचा जिना, तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दारात बांधलेला चाकाच्या खुर्चीचा उतार. सगळं मी माझ्या हातांनी केलं, कुणाकडे न शिकता. सोमवारपासून इस्पितळात फिजिओथेरपी साहाय्यक म्हणून माझं पहिलं शिकाऊ काम. रुग्णाच्या कमरेला पट्टा बांधून त्याला उभं करायचं असतं. तू घर सोडून गेल्यापासून सराव वाळूच्या गोणीवर करतो.

वर्गात बाई म्हणाल्या, "वॉरन, कपाट हलवताय का? आधी विचारा की त्यांना!"

हे पत्र टपालात टाकणार नाही, म्हणून लिहितो: ऑपरेशननंतर तुला मी सहा आठवडे न विचारताच उचललं. आता गोणीलाही विचारतो, "उठायचं का?" आणि थांबतो.

काल तुझा भाऊ ग्लेन म्हणाला, "पन्नाशीत कसली शाळा रे!" त्याच्या बांधकामावर फोरमनची जागा देत होता, वर्षाला ब्याण्णव हजार डॉलर. मी नको म्हटलं.

वॉरन